टेम्पोचे किंगपिन घरीच, मित्रांना घेऊन बदलता येतात का? गॅरेजवाला लय पैसे सांगतोय

येतात. मी केलंय, माझ्याच टाटा ४०७ टेम्पोवर, भांडुपला आमच्या चाळीमागच्या मोकळ्या जागेत. सोबत दोन मित्र आणि बेस्टमधून फिटर म्हणून रिटायर झालेले शेजारचे काका. पण रविवारच्या रविवारी उरकेल असं डोक्यात असेल तर ते आधी काढून टाका. आम्ही शनिवारी संध्याकाळी गाडी उचलली ती सोमवारी रात्री खाली ठेवली.

पैसे घालायच्या आधी किंगपिनच (पुढचं चाक ज्या उभ्या पिनवर वळतं तो) गेलेत ना ते बघा. पुढचं चाक जमिनीवरून उचला, टायर वरून आणि खालून धरून हलवा. खडखड लागली की दुसऱ्याला आत बसून ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खडखड बंद झाली तर व्हील बेअरिंग, तरी हलतंच आहे तर किंगपिन. माझ्या ओळखीतला एकजण हे न बघता किट घेऊन आला आणि नंतर कळलं की नुसतं बेअरिंग टाइट करायचं होतं.

किट मी कुर्ल्याला सीएसटी रोडवरून आणलं. ४०७ ही १९८६ पासून रस्त्यावर असलेली गाडी, तिच्या स्पेअरला मरण नाही. पिन, बुश (पिनभोवती बसणारी नळी), थ्रस्ट बेअरिंग (वजन पेलणारं), शिम (पातळ चकत्या), लॉकपिन सगळं एकाच डब्यात येतं.

जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका, हे मात्र दहा वेळा सांगेन. आमच्याकडे माती, त्यात पावसाने ओली, जॅक बघता बघता रुतायला लागला. मग खाली जाड फळी टाकली, एक्सलखाली दोन लोखंडी घोड्या, शिवाय लाकडी ठोकळे आणि मागच्या चाकांना दगड.

पुढे चाक, हब, टाय रॉड सोडवला. ब्रेकची प्लेट होजसकट तारेने वर टांगून ठेवली म्हणजे ब्रेक ऑइल सांडत नाही आणि नंतर हवा काढायची भानगड राहत नाही. डावी बाजू तासाभरात मोकळी झाली, आम्ही एकदम खुशीत, आणि उजवीकडे आमची जिरली. किंगपिनला एक्सलमध्ये आडवा लॉकपिन असतो, तो आधी काढावा लागतो. मित्राने त्याचा नट पूर्ण काढला आणि उघड्या आट्यांवर घण घातला. आटे चेपून पिनचं तोंड फुललं, भोकातून सरकेना. काका चहाचा कप घेऊन बघत होते, म्हणाले, "अरे गाढवांनो, नट पूर्ण काढायचा नसतो, चार आटे ठेवायचे, मार नटाने खायचा असतो." शेवटी तो लॉकपिन ड्रिल मारून काढला. तोवर रात्रीचे दहा वाजले, चाळीतून ओरडा सुरू झाला, म्हणून किंगपिनवर डिझेल ओतून झोपलो.

रविवारी सकाळी गल्लीतल्या वेल्डरला बोलावून एक्सलचा डोळा, म्हणजे किंगपिन बसतो ते भोक, गॅसने तापवला (आधी ग्रीस पुसून, ब्रेकचा होज लांब बांधून, बाजूला पाण्याची बादली ठेवून). तापवायचं, थंड होऊ द्यायचं, डिझेल, मग घण. घण खायला किंगपिनवर ठेवायचा पितळी गोळा पाइप पान्ह्यात धरायचा, हातात नाही. तिसऱ्या वेळेला ठण ठण येणारा आवाज एकदम बसका आला, काका म्हणाले, "हलला." दिसायला काहीच दिसत नव्हतं, पण माणूस बरोबर होता, पाच मिनिटांत पिन खाली पडला. गंजून विटकरी झालेला, एका बाजूने नखाला लागेल इतका खड्डा. चूक माझीच, पावसाळाभर ग्रीस मारलं नव्हतं.

बुश मात्र घरी बसवू नका. आम्ही लांब बोल्ट आणि वॉशर लावून एक आत ओढला, मस्त बसला, आणि मग लक्षात आलं की बुशचं भोक ग्रीस निप्पलच्या भोकासमोर नाही. म्हणजे बाहेरून कितीही ग्रीस मारा, आत काहीच जाणार नाही. शिवाय पिनच्या मापाने बुशमध्ये रिमर (भोक मापात कातायचं हत्यार) मारावाच लागतो, नाहीतर पिन जात नाही किंवा स्टेअरिंग दगडासारखं होतं. रविवारी लेथवाला बंद, म्हणून सोमवार गेला. दोन्ही नकल (किंगपिनवर वळणारे, चाक धरणारे भाग) त्याच्याकडे दिले, तासाभराचं काम.

जोडताना नकल वरखाली हलणार नाही पण हाताने फिरेल इतकेच शिम घाला. ग्रीस चाक उचललेलं असतानाच मारा, तेव्हाच ते थ्रस्ट बेअरिंगपर्यंत पोचतं. हबच्या आणि टाय रॉडच्या स्प्लिट पिन नव्याच टाका. अलाइनमेंट आम्ही दोरी लावून कामचलाऊ केली आणि दुसऱ्या दिवशी मशीनवर करून घेतली.

पहिली फेरी रिकामीच मारली, एलबीएस रोडने मुलुंड चेकनाक्यापर्यंत आणि परत. आल्यावर काकांनी लॉकपिनच्या नटांना पुन्हा पान्हा लावायला लावला, उजवीकडचा अर्धा आटा फिरला.