कोलंबस, इंडियाना : वस्तीचे आकडे आणि शेजार

आपली बदली पुण्याहून इंडियाना राज्यातील कोलंबसला होत आहे, आणि तिथे बहुसंख्य गोरेच राहतात असे वाचल्यामुळे मुलगी वर्गात एकटी पडेल का, अशी काळजी आपण कळवली आहे. मी बरीच वर्षे या गावात राहतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

2010 च्या जनगणनेत गावाची लोकसंख्या 44,061 होती; त्यात गोरे सुमारे 87 टक्के, आशियाई साडेपाच टक्क्यांच्या आसपास आणि कृष्णवर्णीय तीन टक्क्यांहून कमी होते. 2020 पर्यंत लोकसंख्या 50,474 झाली आणि गोऱ्यांचे प्रमाण घटले. हे आकडे वाचताना एक लक्षात ठेवावे : ‘आशियाई’ या रकान्यात भारतीय, चिनी, जपानी सगळेच येतात, तर मेक्सिकोकडून आलेल्या कुटुंबांची नोंद वेगळ्या प्रश्नाखाली होत असल्याने त्यांतील अनेक जण गोऱ्यांतही मोजले जातात.

एवढ्या लहान गावात इतके आशियाई येण्याचे मुख्य कारण 1919 मध्ये इथेच सुरू झालेली, डिझेल इंजिने बनवणारी कमिन्स कंपनी हे आहे. 1962 पासून तिचे पुण्याशी नाते असल्याने कोथरूड-कर्वेनगरची माणसे इथे सहज भेटतात आणि किराणा घेताना मराठी कानावर पडते. जपानी कंपन्यांचे कारखानेही आहेत. कमिन्सचे दीर्घकाळ प्रमुख असलेले जे. आयर्विन मिलर यांनी कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांसाठी निघालेल्या 1963 च्या वॉशिंग्टन मोर्चाला पाठिंबा दिला होता, आणि बाहेरचे अभियंते कुटुंबासह इथे टिकावेत म्हणून गावातील शाळा नामवंत वास्तुविशारदांकडून बांधून घेण्यासाठी कंपनीच्या प्रतिष्ठानाने त्यांचे शुल्क भरले. नव्या माणसाकडे संशयाने न पाहण्याची इथली सवय त्या काळापासूनची आहे, असे माझे मत आहे.

मात्र ही विविधता बरीचशी एकाच नोकरीवर आणि व्हिसावर उभी आहे, हे मला आकड्यांपेक्षा महत्त्वाचे वाटते. मुदत संपली किंवा बदली झाली की कुटुंबे जातात, आणि मुलांची जिवलग मैत्री मध्येच तुटते. मुलीच्या बाबतीत मला एकटेपणापेक्षा याची चिंता अधिक वाटते. शिवाय, कृष्णवर्णीय कुटुंबे इतकी थोडी आहेत की अमेरिकेच्या वांशिक इतिहासाची मोठी बाजू मुलांना शेजारातून कळत नाही. पश्चिमेला लागूनच असलेल्या ब्राउन काउंटी या जिल्ह्यात तर जवळजवळ सगळी वस्ती गोरी आहे, त्यामुळे स्वस्त घराच्या मोहाने गावापासून फार लांब जाऊ नये.

घर कोणत्या प्राथमिक शाळेच्या हद्दीत येते, हे करार करण्यापूर्वी पाहावे. राज्याचा शिक्षण विभाग प्रत्येक शाळेतील विद्यार्थ्यांची वांशिक विभागणी प्रसिद्ध करतो, आणि आपल्या प्रश्नाचे खरे उत्तर संपूर्ण गावाच्या सरासरीपेक्षा त्या तक्त्यातच मिळेल. पत्ता ठरल्यावर कळवावे; त्या भागातील मराठी कुटुंबांशी मी आपली गाठ घालून देईन.