घाटातलं डिझेल आणि दर्यातलं डिझेल

प्रश्न : दर रविवारी आम्ही बेळगावला कॅम्पातून मासे आणतो. कॉलेजात जाणारा मुलगा हल्ली ताटावर बसला की सुरू करतो, "आई, हे आंबोलीचा घाट चढून आलंय, किती धूर सोडला असेल! समुद्र नाही त्या गावाने मासे खाऊच नयेत." त्याला काय सांगू?
— एक वाचिका, खानापूर

उत्तर : ताई, पोराची काळजी खरी आहे, फक्त घाटावर राग काढतोय. इथं गॅरेज टाकण्याआधी 9 वर्षं मी वेंगुर्ल्यात बोटींची इंजिनं खोलली, म्हणून हिशेब मांडूनच दाखवतो. वेंगुर्ल्याहून बेळगाव सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. पिकअप जाऊन-येऊन पंचवीसेक लिटर पिते, मागं टनभर मासळी. म्हणजे किलोला 25 मिलिलिटर, खोकल्याच्या औषधाची दोन-अडीच झाकणं.

आता दर्यात या. जगभरच्या नोंदींची सरासरी सांगतो. तारलीसारखी थव्याने फिरणारी मासळी जाळ्याने घेरून धरली तर टनाला 70-80 लिटर इंधन लागतं. कोळंबी-खेकड्यांना मात्र 3,000 लिटरच्या घरात, म्हणजे किलोला जवळजवळ 3 लिटर! लिटरभर डिझेल जळलं की अडीच किलोहून जास्त कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. कोळंबीचा ट्रॉलर तळावरून जाळं तासन्‌तास फरफटत नेतो. ओल्या काळ्या रानात नांगर लावून ट्रॅक्टर दिवसभर फिरवल्यासारखंच ते. सुरमई बऱ्याचदा तरंगत्या जाळ्यात किंवा गळाला लागते, ओढाओढ नसते. रापणीचं जाळं तर माणसंच किनाऱ्यावरून ओढतात.

डिझेल वाचवायचे उपाय आहेत. बुडाला चिकटलेलं शेवाळ-शिंपले खरवडायचे, बोट ढकलणाऱ्या पाण्यातल्या पंख्याची वाकलेली पाती सरळ करायची. सगळ्यात स्वस्त उपाय वेगाचा : बोट दहा टक्के हळू चालवली तर तासाला पाव हिस्सा डिझेल वाचतं. एका तांडेलाला, म्हणजे बोट चालवणाऱ्या म्होरक्याला, हे सांगितलं, तर म्हणाला, "आणि उशिरा पोचल्यावर भाव पडला तर तू भरून देणार?" गप्प बसलो. बंदरात पहिल्या येणाऱ्याला दर मिळतो, त्याचं काय चुकलं?

आणखी एक. मासळी घटली की तेवढ्याच टोपलीसाठी बोट लांब जाते, जास्त तास फिरते. इंजिन कितीही नवं घ्या, दर्याच रिकामा असेल तर किलोमागचं डिझेल वाढतच जाणार. आपल्या किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते, ती नीट पाळली तर डिझेलही वाचतं. मला तरी नव्या इंजिनांच्या जाहिरातींपेक्षा यावर जास्त भरवसा आहे.

तेव्हा मुलाला म्हणावं, बांगडा-तारली बिनधास्त खा, कोळंबी पाहुणे आले की. जून-जुलैत खारा बांगडा भाजा. वास शेजारी जाईल, तेवढं प्रदूषण चालतंय.