वाचकांचे प्रश्न : ‘टेन’ अजून का सोडत नाही?

प्रश्न : नमस्कार. मी देवगडचा, वय ४८, आंब्याचा व्यवसाय. कोल्हापूरला कॉलेजात होतो तेव्हा रूममेटकडून पर्ल जॅम या अमेरिकन रॉक बँडची ‘टेन’ ही कॅसेट ऐकायला घेतली होती, ती परत द्यायची राहूनच गेली. परवा माळा साफ करताना सापडली. गंमत म्हणजे माझा मुलगा हाच अल्बम मोबाइलवर ऐकतो, मी काहीएक न सांगता त्याचा त्याने शोधलेला. इतक्या वर्षांपूर्वीच्या, तेही कोणाच्या तरी पहिल्याच अल्बममध्ये असं काय आहे, की आम्हा दोघांनाही तो धरून ठेवतो? आणि कॅसेटच्या पट्टीवर पांढरं काहीतरी आलंय, लावू का?
— एक बागायतदार, देवगड

उत्तर : आधी कॅसेटचं सांगतो, नाहीतर तुम्ही आज रात्रीच लावाल. लावू नका. ती बुरशी आहे, आपल्याकडच्या दमट हवेत बंद डबीतसुद्धा धरते, आणि तशीच वाजवली तर डेकच्या हेडला लागते, मग तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटला. पाऊस सरला की कोरड्या हवेत डबी उघडून ठेवा, पट्टी हळूहळू फिरवत सुक्या मऊ कपड्याने पुसा, घाई केली तर तुटेल. फेकू मात्र नका, कारण हा अल्बम जन्मालाच मुळी एका कॅसेटमुळे आलाय.

झालं असं की सिएटलमध्ये मदर लव्ह बोन नावाचा बँड होता, त्याचा गायक अँड्र्यू वूड मार्च १९९० मध्ये हेरॉइनच्या ओव्हरडोसने गेला. त्या बँडचा अल्बम बाजारात यायच्या तोंडावर गायकच गेला, बँड संपला. गिटारवाला स्टोन गोसार्ड आणि बेसवाला जेफ अमेंट यांनी नव्या चाली बांधल्या, नुसत्या वाद्यांवर, गाणारं कोणीच नाही, आणि ती टेप जॅक आयर्न्स या ड्रमरच्या हातून पार सॅन दिएगोला एडी वेडरपर्यंत पोचली. वेडर तेव्हा पेट्रोल पंपावर रात्रपाळी करायचा आणि सकाळी समुद्रावर सर्फिंगला जायचा. त्या चाली डोक्यात घेऊन तो लाटांवर गेला, शब्द तिथेच सुचले, घरी येऊन त्याच टेपवर आवाज भरला आणि परत पाठवून दिली.

त्यातलं एक गाणं ‘अलाइव्ह’. वेडर ज्यांना बाबा म्हणायचा ते सावत्र होते, खरे वडील म्हणजे घरी कधीतरी येणारे ओळखीचे गृहस्थ, आणि हे त्याला मोठेपणी कळलं तेव्हा ते वारलेले होते. म्हणजे बघा, तिकडे मित्राचं सुतक, इकडे बापाचं, आणि दोघांच्या मधे एक कॅसेट. ऑक्टोबर १९९० मध्ये ही माणसं एकत्र आली, तोच पुढे पर्ल जॅम झाला, वेडर त्याचा गायक, मार्च-एप्रिल १९९१ मध्ये रेकॉर्डिंग, २७ ऑगस्टला अल्बम बाहेर. एवढ्या थोडक्या काळात कोणी ठरवून काही रचत नाही, पोटात होतं तेच बाहेर आलं. माझ्या मते तो टिकायचं कारण हेच.

आणि दुसरं, ऐकणाऱ्यांनी तो आपला करून घेतला. ‘अलाइव्ह’ लिहिताना वेडरच्या मनात जिवंत राहणं हा शाप होता, पण शोमध्ये हजारो लोक तेच धृपद आनंदाने ओरडून म्हणायला लागले आणि त्यानेच पुढे सांगितलंय की लोकांनी त्या गाण्याचा अर्थ बदलला, शाप उतरवला. डबलबारी भजनं ऐकत मोठ्या झालेल्या माणसाला हे समजावायला नको, बुवांची ओळ झिलकऱ्यांनी उचलली की ती बुवांची राहत नाही. तुमच्या मुलाला ते सुतक माहीत नाही, तुम्हालाही तेव्हा माहीत नव्हतं, तरी ते पोचलंच ना.

सुरुवातीला खप यथातथाच होता बरं का, १९९२ उलटता उलटता तो बिलबोर्ड या अमेरिकेतल्या खपाच्या यादीत दुसऱ्या नंबरला गेला, आता नुसत्या अमेरिकेत १ कोटी ३० लाख प्रतींचं प्लॅटिनम सर्टिफिकेट आहे. यातलं ‘ब्लॅक’ हे गाणं सिंगल म्हणून, म्हणजे एकटंच वेगळं काढा असा कंपनीचा आग्रह होता, बँडने साफ नाही म्हटलं, फार खासगी गाणं आहे म्हणून. मला त्यांचं ते नाही म्हणणं फार आवडतं.

प्रश्न : मला ‘टेन’ आवडतो पण शब्द अर्धेच कळतात, घरचे म्हणतात कळत नाही ते ऐकतेस कशाला. आणि जुनं ऐकू की २००९ चं नवीन मिक्स?
— एक विद्यार्थिनी, रत्नागिरी

उत्तर : अगं, वेडरचे शब्द इंग्रजी बोलणाऱ्यांनाही धड कळत नाहीत. ‘रिलीज’ ऐक, वडिलांना मारलेली हाक आहे ती, आणि हाक कुठल्याही भाषेत हाकच ऐकू येते.

मिक्सचं, म्हणजे गाण्यातल्या आवाजांच्या जुळणीचं म्हणशील तर २००९ ला ब्रेंडन ओब्रायनने केलेलं जास्त स्वच्छ आहे, जुन्यात आवाजाला घुमारा फार, बँडलाही तो नंतर खटकायचा. तरी मी जुनंच ऐकतो. ‘ओशन्स’ला तो घुमारा हवाच, ते समुद्राचं गाणं आहे. जुनं मिक्स करणाऱ्या टिम पामरने त्यात मिरपुडीची डबी आणि आग विझवायचा सिलिंडर वाजवलाय, खरंच, अल्बमवर तसं छापलंय. एकदा संध्याकाळी भाट्याच्या किनाऱ्यावर जा, सुरूच्या बनाजवळ बस, हेडफोन लाव, आवाज बेताचा ठेव म्हणजे बाहेरची गाजही येत राहील. मिरपुडीची ती खसखस गाणं सुरू झाल्यावर शोध. मला सापडायला बरीच वर्षं लागली, तुला सापडली की कळव.