टोकन येतं, ग्राहक जातो

प्रश्न : पुण्यातला फ्लॅट पाच महिन्यांपासून विकायला काढलाय. दोघांनी टोकन दिलं, पण व्यवहार त्यांच्या गृहकर्जापाशी अडला. आता तिसरे आलेत. काय बघू?

उत्तर : आधी तुमची फाईल बघा. बँकेचा वकील पहिल्या खरेदीपासूनचे सगळे करारनामे, इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयाचा व्यवहाराचा उतारा), भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरायला योग्य असल्याचा दाखला), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट मागतो. मधला एक जुना करार हरवलेला असला की फाईल तिथेच बसते, आणि ग्राहक संकोचानं खरं कारण सांगत नाही. सोसायटीचं ना-हरकत पत्र आत्ताच मागून ठेवा, कमिटीची बैठक तुमच्या सोयीनं होत नसते! तिसऱ्यांकडून कर्जाचं मंजुरीपत्र पाहूनच टोकन घ्या. इसारपावतीत, म्हणजे टोकनच्या लेखी कागदात, ४५ दिवसांची मुदत आणि कर्ज नाकारल्यास इसार परत की जप्त, हे लिहा. करारनामा नोंदेपर्यंत फ्लॅट दाखवणं थांबवू नका. किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर ग्राहक १ टक्का टीडीएस (तुमच्या नावे सरकारकडे भरायचा कर) कापेल. ती घासाघीस नव्हे.