कॉर्न्ड बीफशिवाय सेंट पॅट्रिक्स डे? अगदी खुशाल!

डब्लिनमध्ये नवीन आहात, १७ मार्चला, म्हणजे सेंट पॅट्रिक्स डे या आयरिश राष्ट्रीय सणाला, शेजारच्या आयरिश कुटुंबाला जेवायला बोलावलंय आणि 'आमच्या घरी बीफ होत नाही, मग आयरिश बेत जमणार कसा?' असं विचारताय. अहो, कॉर्न्ड बीफ (मिठात मुरवलेलं गोमांस) आणि कोबी ही जोडी मुळात अमेरिकेतल्या आयरिश लोकांची. न्यूयॉर्कला त्यांना ज्यू खाटकांकडचं ब्रिस्केट, म्हणजे छातीकडचं गोमांस, परवडायचं, म्हणून ते रुळलं. इथे बेकन-कोबी आणि पार्स्ली सॉस करतात. बेकन म्हणजे नाश्त्याच्या पट्ट्या नव्हेत, डुकराच्या मांसाचा खारवलेला अख्खा तुकडा. तो शिजला की त्याच पाण्यात कोबी शिजवायचा.

तेही नको असेल तर कॉलकॅनन करा. उकडलेले बटाटे गरम असतानाच कुस्करायचे, त्यात वाफवलेला केल (कोबीच्या कुळातली पालेभाजी) किंवा कोबी, कोमट दुधात मुरवलेली कांद्याची पात आणि मीठ. वाढताना मधे आळं करून त्यात लोणी सोडायचं, आपण वरणासाठी भाताचं करतो तसंच. लोण्यात हात आखडू नका. खरं तर हा ३१ ऑक्टोबरच्या हॅलोविनचा पदार्थ, पण मार्चमध्ये केलात म्हणून कोणी नाक मुरडणार नाही.

सोडा ब्रेड मात्र घरीच करा. २५० ग्रॅम जाडसर गव्हाचं पीठ, २०० ग्रॅम मैदा, प्रत्येकी एक सपाट चहाचा चमचा खायचा सोडा आणि मीठ, साधारण ४०० मिली बटरमिल्क. इथल्या दुकानातलं बटरमिल्क दाट आणि आंबट असतं, तेच घ्या. आपलं पातळ ताक घेतलंत तर पीठ सैल होईल. आणि कणकेसारखं मळत बसू नका! हाताने जेमतेम गोळा करा, वर सुरीने खोल फुली मारा आणि लगेच ओव्हनमध्ये ढकला, कारण ताक लागताच सोडा फसफसायला लागतो. २२० अंशावर १५ मिनिटं, मग २०० वर अर्धा तास. खालून टकटक केल्यावर पोकळ आवाज आला की झाला.

पिण्याचं म्हणाल तर रंग घालून केलेली हिरवी बिअर अजिबात नको. १९२७ च्या कायद्याने तर या दिवशी इथले पबच बंद झाले होते, ते थेट १९६० च्या सुमारास उघडले. गिनेस ही इथली काळी बिअर आणा, ग्लास तिरका धरून पाऊण भरा, फेस वर येऊन खालचं काळं होईपर्यंत थांबा, मग उरलेलं ओता. न पिणाऱ्यांसाठी कडक चहा, दूध घालून. साखर वेगळी ठेवा, बरेच जण घेत नाहीत.