वेटेड हिस्टोग्राम आणि असमान रुंदीचे बिन: रुंदीने भागायचं कधी?

तुमची अडचण मला अशी समजली: सिम्युलेशनमधल्या प्रत्येक इव्हेंटला (एकेका नोंदीला) वेगळं वजन आहे, बिनच्या (हिस्टोग्रामच्या एकेका खान्याच्या) कडा ०, १०, २०, ४०, ८०, १६० जीईव्ही (ऊर्जेचं एकक) अशा रुंदावत जातात, आणि रूटमध्ये (सर्नच्या डेटा-विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमध्ये) आलेख काढला की पुढच्या बिनांत एक चढ दिसतो, जो तिथे असायचं काही कारण नाही. शिवाय एरर बार (अनिश्चितता दाखवणाऱ्या रेघा) फारच लहान येतात. कोडमध्ये तुम्ही बिन शोधून जुना आकडा काढता, त्यात वजन मिळवता आणि सेटबिनकंटेंटने परत ठेवता. एरर बारचं दुखणं या ओळीत आहे, चढाचं कारण वेगळं आहे.

आधी एरर. वजन असलेल्या बिनला एक बेरीज पुरत नाही, दोन लागतात: वजनांची आणि वजनांच्या वर्गांची. बिनमधली अनिश्चितता ही दुसऱ्या बेरजेचं वर्गमूळ असते. समजा एका बिनमध्ये चार इव्हेंट पडले, वजनं ०.५, ०.५, १ आणि २. बेरीज ४, वर्गांची बेरीज ५.५, म्हणजे एरर साधारण २.३५. तुमच्या पद्धतीत बिनला फक्त ४ हा आकडा कळतो, म्हणून रूट त्याचं वर्गमूळ २ दाखवतं. इथे फरक थोडा वाटतो, पण जनरेटरने (इव्हेंट तयार करणाऱ्या प्रोग्रामने) ऋण वजनं दिली की तो अंगावर येतो. सात इव्हेंट +१ चे आणि तीन -१ चे असतील तर बेरीज पुन्हा ४ च, पण वर्गांची बेरीज १०, एरर ३.१६. एकच उंची, पण विश्वास ठेवण्याजोगी माहिती कितीतरी कमी. ती किती, हे मोजायचं असेल तर वजनांच्या बेरजेचा वर्ग भागिले वर्गांची बेरीज करा: १६ भागिले १०, म्हणजे जेमतेम १.६ इव्हेंटच्या तोलाची. हा आकडा मी प्रत्येक शेपटीच्या (टोकाकडच्या, कमी इव्हेंटच्या) बिनसाठी काढून बघतो.

म्हणून सेटबिनकंटेंट सोडा आणि फिल या भरण्याच्या फंक्शनलाच दोन आर्ग्युमेंट द्या: किंमत आणि वजन. रूट ६ मध्ये १ पेक्षा वेगळं वजन आलं की वर्गांची बेरीज आपोआप सुरू होते. तरीही मी हिस्टोग्राम तयार केल्याबरोबर, भरण्याआधीच, ही बेरीज सुरू करणारं समडब्ल्यू२ स्वतः बोलावतो. सेटबिनकंटेंटने भरून झाल्यावर बोलावलंत तर बिनमधले आकडेच वर्गांची बेरीज म्हणून धरले जातात, आणि वजनांचे खरे वर्ग तोवर हरवलेले असतात. नमपायमध्ये (पायथनच्या आकडेमोडीच्या लायब्ररीत) काम करत असाल तर हिस्टोग्राम फंक्शन दोनदा चालवा, एकदा वजनं देऊन आणि एकदा त्यांचे वर्ग देऊन.

आता चढ. सपाट वितरण घ्या, दर १० जीईव्हीला १०० इव्हेंट. तुमच्या पहिल्या चार बिनांत १००, १००, २००, ४०० पडतील. डोळ्याला चढ दिसतो, पण वाढलीय ती फक्त बिनची रुंदी. रुंदीने भागलं की चारही बिन प्रति जीईव्ही १० वर येतात. रूटमध्ये यासाठी स्केलला दुसरं आर्ग्युमेंट म्हणून ‘विड्थ’ द्यायचं. त्याने उंची आणि एरर दोन्ही भागले जातात. उभ्या अक्षावर ‘इव्हेंट प्रति जीईव्ही’ लिहायला मात्र विसरू नका.

इथे बरेच जण एक शॉर्टकट घेतात: भरतानाच वजनाला रुंदीने भागून टाकायचं. बिनची उंची बरोबर येते, एररसुद्धा बरोबर येते, त्यामुळे कुणाला शंका येत नाही. पण रूट फिल होतानाच सरासरीसाठी वेगळ्या बेरजा जमवत असतं. वरच्याच सपाट उदाहरणात ० ते ८० ची खरी सरासरी ४० आहे. भागलेल्या वजनांनी प्रत्येक बिनचा वाटा सारखा होतो आणि सरासरी २७.५ येते. म्हणून माझा आग्रह आहे की भरताना फक्त इव्हेंटचं खरं वजन जावं. रुंदीचा भागाकार अगदी शेवटी, दाखवायच्या क्लोनवर (प्रतीवर) करावा आणि मूळ हिस्टोग्रामला हात लावू नये.

हा आग्रह अनुभवातून आलाय. आमच्या एका विश्लेषणात आलेख काढणारं फंक्शन एकाच हिस्टोग्रामवर दोनदा चालत होतं, आणि प्रत्येक वेळी रुंदीने भागत होतं. डेटा आणि सिम्युलेशन दोन्ही तसेच भागले गेल्याने खालचा गुणोत्तराचा पट्टा अगदी व्यवस्थित दिसायचा. शेपटी जरा जास्तच उतरतेय एवढंच जाणवत होतं. शेवटी एका बिनचे इव्हेंट हाताने मोजले तेव्हा उलगडा झाला. भागलेल्या हिस्टोग्रामवर रिबिनही (शेजारचे बिन जोडणं) करू नका. ते घनतांची बेरीज करतं, १० आणि १० चे २० होतात, जिथे उत्तर १० च हवं.

काही बारीक गोष्टी. पाच बिनांना कडा सहा लागतात. तुमच्या अ‍ॅरेत सहा आहेत, तेव्हा बिनांची संख्या ५ द्या. नेमकी १६० ही किंमत रूटमध्ये शेवटच्या बिनमध्ये जात नाही, ओव्हरफ्लोमध्ये (शेवटच्या कडेपलीकडच्या बिनमध्ये) जाते. नमपाय मात्र ती शेवटच्या बिनमध्ये धरतं आणि कडांबाहेरचं सगळं टाकून देतं. इंटिग्रलही (बिनांची एकूण बेरीज) आपणहून ओव्हरफ्लो मोजत नाही. तो आणि पहिल्या कडेआधीचा अंडरफ्लो, दोन्ही हवे असतील तर बिन ० पासून ६ पर्यंत मागा. एंट्रीज म्हणजे किती वेळा फिल झालं तो आकडा. त्याची इंटिग्रलशी बरोबरी करू नका.

आणि टीएच१एफ (आकडे कमी अचूक फ्लोटमध्ये ठेवणारा हिस्टोग्राम) च्या जागी टीएच१डी (जास्त अचूक डबलमध्ये ठेवणारा) घ्या. फ्लोटमध्ये १,६७,७७,२१६ वर १ मिळवला तरी आकडा हलत नाही, हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. वजनं बारीक असली की ही भिंत खूप आधी येते: बिन १००० वर पोचला असेल तर ०.००००२ वजनाचा इव्हेंट मिळवूनही तो १००० च राहतो. असे लाखो इव्हेंट भरले तरी उंची तिथेच. वर्गांची बेरीज मात्र डबलमध्ये असल्याने वाढत राहते, म्हणून एरर बार फुगतो आणि बिन थिजलेला दिसतो. तुमची वजनं याच घरातली असतील तर टीएच१डी घेऊन पुन्हा भरा आणि शेवटच्या दोन बिनांच्या दोन्ही बेरजा इथे टाका, बघतो.