लॅच लागलं, दार फोडलं. आता पैसे कोणी द्यायचे?

प्रश्न: आम्ही पुण्यात सिंहगड रस्त्याला दुसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहतो. ऑगस्टमधल्या एका रविवारी सकाळी दूधवाल्याचे पैसे द्यायला मी दोन पावलं बाहेर आले. लॅचचा आतला खटका वर करून ठेवला होता, तरी वाऱ्यानं दार आपटलं आणि लॅच लागलं. दीड वर्षाचा मुलगा आत पाळण्यात, गॅसवर डाळीचा कुकर, किल्ली आणि फोन दोन्ही आत. नवरा चाकणला फर्स्ट शिफ्टला. दुसरी किल्ली घरमालकांकडे, ते सोलापूरला. शेजारच्या काकांच्या फोनवरून त्यांना चार फोन केले, उचलले नाहीत. चावीवाला म्हणाला, तास लागेल. मी कुकरच्या शिट्ट्या मोजत होते. नवव्या शिट्टीनंतर शिट्ट्याच थांबल्या, करपल्याचा वास आला, मुलगा रडायला लागला. मग काकांनी पहारीनं दार फोडलं. लॅच तुटलं, चौकट तडकली.

दार बिल्डरनं लावलेलं साधं फ्लश डोअर आहे. आमच्या सुतारानं दुरुस्तीचे ७,५०० रुपये सांगितले. घरमालक म्हणतात, सागवानी दार बसवणार, ३८,००० रुपये डिपॉझिटमधून कापणार. डिपॉझिट ६०,००० आहे. 'माझ्या परवानगीशिवाय माझं दार फोडलंत, पोलिसात देईन, माझं कुलूप लावीन' असंही म्हणाले. सेक्रेटरींनी गोंगाट केल्याबद्दल २,००० दंडाचं पत्र दिलंय. करार ११ महिन्यांचा, नोव्हेंबरअखेर संपतो; नोटरी केलेला आहे, नोंदणी नाही. खटका टिकत नाही हे मी जूनमध्येच व्हॉट्सॲपवर कळवलं होतं. त्यांनी नुसता अंगठा पाठवला. नवरा म्हणतो, उरलेले तीन महिने १८,००० भाडं द्यायचंच नाही, डिपॉझिट वसूल. काय करावं? आणि दाराला नवं लॅच बसवू का?

उत्तर: ताई, आधी पोलिसांची भीती डोक्यातून काढून टाका. तुमच्या पत्रातल्या बाकी सगळ्या गोष्टी पैशाच्या आहेत आणि पैशाचं भांडण शांतपणे करता येतं. पोलिसांचं नाव निघालं की माणूस घाबरून नको त्या कागदावर सही करतो.

१ जुलै २०२४ पासून आपल्याकडे भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्या कलम ३२९ मधला अतिक्रमणाचा गुन्हा घडायला दुसऱ्याच्या ताब्यातल्या जागेत गुन्हा करायच्या, धमकवायच्या, अपमान करायच्या किंवा त्रास द्यायच्या इराद्यानं शिरावं लागतं. तुमच्या करारात 'कायदेशीर ताबा मालकाकडेच राहील' असं एक वाक्य नक्की असणार. आमच्या वकील मंडळींच्या छापील मसुद्यात ते असतंच. असू दे. राहण्याचा हक्क तुम्हाला त्याच करारानं दिलाय, आणि रडणाऱ्या मुलाकडे धावणं हा कुणाला त्रास द्यायचा इरादा होत नाही. कलम ३२४ खाली मालमत्तेच्या नुकसानीचा गुन्हा आहे, त्याचंही तेच. शिवाय त्याच संहितेचं कलम १९ तुमच्यासाठीच लिहिल्यासारखं आहे: नुकसान होणार हे माहीत असूनही, मनात गुन्हेगारी हेतू नसताना, माणसाला किंवा मालमत्तेला होणारी दुसरी इजा टाळण्यासाठी सद्भावनेनं केलेली कृती गुन्हा नाही. जुन्या दंड संहितेत हे कलम ८१ होतं. त्याखालचं उदाहरण आम्ही कॉलेजात पाठ केलं होतं: मोठी आग लागलीय, ती पसरू नये म्हणून एक माणूस मधली घरं पाडतो. आख्खी घरं पाडणारा सुटतो, तर फ्लश डोअर फोडणाऱ्या काकांचं काय होणार? त्यांनाही हे सांगा. बिचारे तुमच्यापेक्षा जास्त काळजीत असतील.

उलट पोलीस ठाण्याची पायरी चढण्याआधी घरमालकांनीच विचार करावा. अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही हा समज पुण्यात इतका पक्का आहे की काही एजंटही छातीठोकपणे तेच सांगतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे तुमच्यासारखा ठराविक मुदतीपुरती राहायची परवानगी देणारा, करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, मुदत कितीही असो. नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची. न नोंदवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि तुमच्या दृष्टीनं महत्त्वाचं म्हणजे, करार नोंदवलेला नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरं धरलं जातं. खोटं पाडायचं ओझं मालकावर येतं. हे त्यांना धमकी म्हणून ऐकवू नका. तुम्हाला माहीत असलेलं पुरे, बोलण्यात आपोआप येतं.

आता दाराचे पैसे. इथे मी तुमच्या बाजूनं फार गोड बोलणार नाही.

दार कुणी फोडलं हा प्रश्नच नाही, ते तुम्ही मान्य केलंय आणि करायलाच हवं. दार फोडायची वेळ कुणामुळे आली, इथे सगळं अडलंय. जूनचा मेसेज तुमचा सगळ्यात मोठा पुरावा आहे. पूर्वी सहीच्या जागी अंगठा उठवायचे. तुमच्या घरमालकांनीही उठवलाय. पण त्या अंगठ्यातून एवढंच सिद्ध होतं की मेसेज त्यांना मिळाला आणि त्यांनी पाहिला. 'दुरुस्त करून देतो' असं त्यांनी म्हटलेलं नाही. दुसरं, तोच मेसेज समोरचा वकील तुमच्यावर उलटवेल: बाईंना दोन महिने ठाऊक होतं की दार आपोआप लागतं, मग किल्ली न घेता उंबरा ओलांडला कशाला? हा प्रश्न तुम्हाला विचारला जाईलच. तुमचं उत्तर मात्र पत्रातच आहे, बहुधा तुमच्या लक्षातही न येता लिहून गेलात: 'खटका वर करून ठेवला होता'. म्हणजे निष्काळजीपणे तुम्ही बाहेर आला नाहीत. लॅच मागे धरून ठेवायची जी सोय कुलपात आहे ती तुम्ही वापरली, आणि ती सोयच ढिली होती. हे वाक्य आजच, आठवतंय तसं, तारीख-वेळेसकट कागदावर उतरवून ठेवा. काकांनाही त्यांनी पाहिलं ते लिहायला सांगा.

व्हॉट्सॲपचे नुसते स्क्रीनशॉट काढून फोन बदलू नका. प्रकरण कोर्टात गेलंच तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्रासह ते चॅट द्यावं लागतं, मूळ फोन हाताशी असला की काम सोपं होतं. काकांच्या फोनमधल्या त्या चार कॉलची नोंदही जपा.

आणि ३८,०००? करार कायदा, १८७२ चं कलम ७३ म्हणतं की करारभंगानं स्वाभाविकपणे जेवढं नुकसान झालं तेवढीच भरपाई. आणि ती ठरवताना नुकसान कमी करण्याचे कोणते मार्ग हाताशी होते हेही पाहायचं. फ्लश डोअर तडकलं म्हणून सागवानी दार घ्यायचं असेल तर त्यांनी खुशाल घ्यावं, स्वतःच्या पैशानं. स्कूटरला ओरखडा गेला म्हणून कुणी मोटार मागत नाही.

मी तुमच्या जागी असते तर सुताराकडून लेखी अंदाजपत्रक घेतलं असतं, लॅचचे पैसे वेगळे आणि चौकट-पॅनेलचे वेगळे. समजा लॅचचे १,८०० निघाले, तर चौकटीचे ५,७०० मी भरले असते आणि लॅच त्यांच्यावर ठेवलं असतं. कायद्यानं कदाचित तेही कमी होतील. पण त्यासाठी दावा लावायचा, तारखा घ्यायच्या, दर तारखेला नवऱ्याचा खाडा करायचा, आणि निकाल लागेपर्यंत मुलगा शाळेत जायला लागेल. साडेसात हजारांसाठी हे करू नका असं मी पक्षकाराला समोर बसवून सांगते. माझी फी त्याहून जास्त होते.

घरमालकांना पाठवायचा मेसेज साधा असू द्या: 'काका, त्या दिवशी मुलगा आत एकटा होता, गॅस चालू होता. तुम्हाला चार फोन केले. लॅचबद्दल जूनमध्ये कळवलं होतं. दार दुरुस्त करून पूर्ववत करून देते, अंदाजपत्रक सोबत आहे. लॅचचा खर्च तुमच्याकडे. हे आमचे हक्क राखून लिहिते आहे. डिपॉझिटमधून परस्पर कपात मान्य नाही.' शेवटची दोन वाक्यं गाळू नका. 'काका' राहू द्या.

त्यांनी खरंच कुलूप लावलं तर? मुदत चालू असताना आणि भाडं चुकलेलं नसताना तुम्हाला परस्पर बाहेर काढता येत नाही. ११२ ला फोन करा, ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. जिथे जायचा हक्क आहे तिथली वाट अडवणं हा न्याय संहितेच्या कलम १२६ खाली गुन्हा आहे. 'हा दिवाणी मामला आहे' असं तिथे ऐकायला मिळेल, त्यानं खचू नका. पोच घेऊन बाहेर पडा आणि दुसऱ्या दिवशी वकिलामार्फत दिवाणी कोर्टात तात्पुरत्या मनाई हुकुमाचा अर्ज टाका. सुविधाधिकार कायदा, १८८२ चं कलम ६४ सांगतं की पैसे देऊन घेतलेल्या लायसन्सवर राहणाऱ्याला, त्याची स्वतःची चूक नसताना, मुदतीआधी बाहेर काढलं तर त्याला भरपाई मिळते.

'स्वतःची चूक नसताना' हे तीन शब्द नवऱ्याला वाचून दाखवा. भाडं थांबवण्याची त्यांची कल्पना हिशोबात बसते, तीन महिन्यांचे ५४,००० आणि डिपॉझिट ६०,०००, पण कायद्यात बसत नाही. आज चूक मालकांकडे झुकलेली आहे. भाडं थांबवलंत की ती तुमच्याकडे येईल आणि त्यांना करार रद्द करायला सबळ कारण मिळेल. भाडं बँकेतूनच, ठरलेल्या तारखेला द्या. तसंच 'डिपॉझिट मिळेपर्यंत घर सोडणार नाही' असंही करू नका. मुदतीनंतर राहिलात तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ खाली ते दुप्पट शुल्क मागू शकतात. नोव्हेंबरअखेर घर रिकामं करून फोटो काढा, किल्ल्या देताना पोच घ्या, आणि डिपॉझिट अडवलं तर वकिलाची नोटीस पाठवा. वसुलीच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत असते, घाई नाही.

सोसायटीच्या दंडावर फार शाई घालवत नाही. एकट्या सेक्रेटरींनी पत्र लिहून दंड बसत नाही. आधी कारणे दाखवा नोटीस, म्हणणं मांडायची संधी, मग सर्वसाधारण सभा. सोसायटीचे सभासदही घरमालक आहेत, तुम्ही नाही. दोन ओळींत घडलेलं कळवा. ज्या गोंगाटाचा दंड मागतायत त्यात दीड वर्षाच्या मुलाचं रडणंही होतं, एवढं लिहिलंत तर सभेत तो विषय निघणारही नाही.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, आणि माझ्या मते सगळ्यात कामाचा. नवं लॅच जरूर बसवा, एक किल्ली शेजारच्या काकांकडे ठेवा. पण जुनं तुटकं लॅच सुताराला नेऊ देऊ नका, तो ते भंगारात घालेल. काढायच्या आधी दारावर आहे तसाच त्याचा व्हिडिओ घ्या: खटका वर करायचा, दार हलकेच ढकलायचं, खटका खाली घसरतो का ते दाखवायचं. पहारीनं तो भाग वाकला असेल तर सुताराकडून दोन ओळी लिहून घ्या, स्प्रिंग झिजलेली आहे की आत्ता तुटलेली. मग लॅच स्क्रूसकट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वर तारीख लिहा आणि कपाटात ठेवा, डिपॉझिट खात्यात येईपर्यंत.